कनातीमागची रात्र

चैत्र लागला आणि गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या, की ज्या माळावर एरवी गुराख्याखेरीज कोणी फिरकत नाही त्या माळावर एके दुपारी मालमोटारींची रांग येऊन उभी राहते, आणि दिवस मावळायच्या आत तेथे कनात, रंगमंच, राहुट्या, चुली, विजेचे यंत्र आणि मोठा फड असला तर शंभरावर माणसे, असे एक गावच वसते. दुसऱ्या दिवशी उन्हे चढेपर्यंत तेथे चुलींची राख तेवढी उरलेली असते. ढोलकीच्या फडाचा तमाशा ही महाराष्ट्राच्या रात्रीची सर्वांत मोठी फिरती संस्था. तिच्या लावणीविषयी, वगाविषयी, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाविषयी विद्वानांनी आणि रसिकांनी पुष्कळ लिहिले आहे. मला येथे सांगायचे आहे ते निराळे. जिचा सगळा व्यवहार अंधार पडल्यावर, अनोळखी मुलखात आणि अनोळखी जमावासमोर चालतो, ती ही संस्था संकटाला तोंड कसे देते आणि घरातल्या दुःखाला जागा कोठे करून देते, हे मी अनेक यात्रांतून कनातीच्या अलीकडून आणि पलीकडूनही पाहत आलो आहे.

फडाचे वर्ष दसऱ्याला उगवते आणि वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेच्या सुमारास मावळते. पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव ही या धंद्याची पेठ. लोक तिला तमाशापंढरी म्हणतात. पाडव्याच्या आगेमागे तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी बैलगाडी-जीपगाडीच्या जमान्यापासून तेथे येत आले आहेत, आणि सतरंजीवर बसून सुपारी ठरते: तारीख, रक्कम, इसार. चौफुला, मोडनिंब, जामखेड येथल्या थिएटरांतून चालणारी संगीत बारी हा याच घराण्याचा दुसरा प्रकार. पण तिला निदान छप्पर असते आणि मुक्कामाचा ठिकाणा असतो. फडाला दोन्ही नाहीत.

परंतु सुपारीच्या आधी एक व्यवहार होऊन गेलेला असतो आणि माझ्या मते सारे मर्म त्यातच आहे. तो व्यवहार म्हणजे उचल. पावसाळ्याचे चार महिने फड बंद. त्या दिवसांत कलावंत मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतो आणि ती पुढच्या हंगामात पायाने, गळ्याने आणि ढोलकीने फेडतो. मालकाने ती रक्कम बहुधा सावकाराकडून व्याजाने आणलेली असते. म्हणजे पडदा वर जातो तेव्हा नाचणारी, वाजवणारा आणि मालक असे तिघेही कर्जात उभे असतात. खेळ मोडायचा नाही, हा फडाचा पहिला नेम. त्यात कलेची निष्ठा आहेच, ती मी कमी लेखत नाही, पण त्या नेमाच्या मुळाशी उचलीची चोपडीही आहे, हे ज्याने पाहिले नाही त्याला तमाशातले धैर्य अर्धेच कळले.

संकटे सांगावीत तर ती रोजची आहेत. एका यात्रेचा खेळ पहाटे संपवून दुसऱ्या यात्रेला पोहोचायचे, म्हणजे रात्रभर जागलेल्या चालकाच्या हातात साऱ्या फडाचे प्राण सोपवून, सामानावर अंग टाकून घाटरस्ता उतरायचा. अवकाळी पाऊस आला की उघड्या तारा आणि भिजलेल्या फळ्या यांच्यामध्ये घुंगरू बांधलेले पाय. आणि या सर्वांहून अवघड म्हणजे जमाव. मागितलेले गाणे पुन्हा झाले नाही म्हणून दगड येतो, कनात फाडून फुकटे आत घुसतात, मद्याच्या धुंदीतला एखादा सरळ रंगमंचावर चढतो. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई झाल्यापासून रात्रभराचा खेळ आखडता घ्यावा लागतो. पोलीस बंद करायला सांगतात, तिकीट काढलेला माणूस चालू ठेवायला सांगतो, आणि दोघांच्या रागाला पहिली सामोरी जाते ती मंचावरची बाई.

यावर फडाने जो बंदोबस्त उभा केला आहे, तो कोणत्याही हुकुमात किंवा नियमावलीत लिहिलेला सापडणार नाही. तो खेळाच्या बांधणीतच मुरलेला आहे. स्त्रियांच्या राहुट्या मध्ये आणि मालमोटारी भोवती, ही मुक्कामाची रचना. अंधारात कोणतीही मुलगी एकटी बाहेर जात नाही, जोडीने जाते. मंचावर गडबड होण्याची चिन्हे दिसली की ढोलकीवाला, ज्याची नजर नाचणारीच्या पावलांवर जितकी असते तितकीच पुढच्या चार रांगांवरही असते, लय वाढवून गाणे लवकर संपवतो आणि सोंगाड्या पुढे सरसावतो. गवळणीतली मावशी पाहा. बाईचे सोंग घेतलेला तो पुरुष प्रेक्षकांचा वाह्यातपणा स्वतःवर ओढून घेतो, त्याला शब्दानेच फटकारतो, लोक हसतात, आणि त्या हसण्याच्या आडोशाने मागच्या मुली सुखरूप आत जातात. विनोदाचे असे ढालीसारखे काम मी दुसऱ्या कोणत्या रंगभूमीवर पाहिलेले नाही.

मृत्यूचेही तसेच. वग, म्हणजे तमाशातले कथानाट्य, हा मुळात कागदावरून पाठ केलेला नव्हे, कानाने उचललेला. हंगामभर तोच वग ऐकून राजाच्या तोंडची वाक्ये शिपायाला येतात, शिपायाची मागे सूर धरणाऱ्या झीलकऱ्याला. त्यामुळे कोणाच्या घरी माणूस गेल्याचा निरोप आला, तर त्याची जागा त्याच रात्री दुसरा घेतो. गावी जाऊन माती देऊन परतायला जितका वेळ लागेल तितकीच रजा. जिच्यावाचून खेळ उभाच राहत नाही तिला मात्र तीही नाही. तिने रडायचे ते दुसऱ्या दिवशी, आणि तेही गाडीत. मी पाहिले आहे की अशा दिवशी राहुटीत तिच्याशी कोणी सांत्वनाचे शब्द बोलत नाही. कोणी चहा आणून ठेवते, कोणी तिची वेणी घालून देते, आणि एरवी जी ती आपला घुंगरांचा चाळ आपण बांधते, तो त्या दिवशी दुसरीच बांधते.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांच्या फडात वाढलेली ही कलावंतीण (१९३५–२००२) दिवस भरलेले असताना मंचावर उभी होती. कळा आल्या तेव्हा ती कनातीमागे गेली, प्रसूत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आली, असे सांगतात. ही कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान अस्थानी नाही. पण मला ती ऐकताना दरवेळी वाटते, की त्या कनातीमागे एक सुईण का नव्हती, आणि नऊ महिने भरलेल्या बाईला त्या रात्री चाळ बांधावाच का लागला, हे तिच्या धैर्याची वाखाणणी करणाऱ्या आपण कधी विचारले आहे काय? तिच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार दिला जातो. तिचे स्वतःचे अखेरचे दिवस हलाखीत गेले.

कांताबाई सातारकरांची कहाणी इतकी प्रसिद्ध नाही, पण मला ती अधिक शिकवणारी वाटते. पती तुकाराम खेडकर हे नामांकित फडमालक; त्यांच्या निधनानंतर, ज्या फडाच्या उभारणीत कांताबाईंच्या उमेदीची वर्षे खर्ची पडली होती, तोच फड त्यांना सोडावा लागला. पती गेला, आसरा गेला, पदरी मुले. त्या बाईने ऐतिहासिक वगांतून पुरुषभूमिका गाजवल्या होत्या. तिने पुढे स्वतःच्या नावाचा फड उभा केला आणि पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून त्याच मंचावर नावारूपाला आले. २०२१च्या मे महिन्यात संगमनेर येथे करोनाने कांताबाईंचे निधन झाले, तेव्हा सलग दुसऱ्या वर्षी यात्रा बंद होत्या, फडांच्या गाड्या चाकांखाली दगड लावून उभ्या होत्या, आणि उचल मात्र कोणाची माफ झालेली नव्हती.

या धंद्यातला एक वियोग मृत्यूवाचूनचा आहे. मूल शाळेच्या वयाचे झाले की त्याला आजीकडे ठेवायचे आणि आठ महिने फिरतीवर जायचे, परतल्यावर मूल ओळख देईल की नाही या धास्तीने उंबऱ्याशी थबकायचे. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनात ही गोष्ट मुलाच्या बाजूने आली आहे. आईची बाजू लिहिणाऱ्या बाया आपल्याकडे फार थोड्या. त्यांची दुपार झोपेत आणि रात्र मंचावर जाते.

गेल्या हंगामात एका यात्रेत मी खेळाआधी राहुटीच्या दाराशी बसलो होतो. तिशीतली एक कलावंतीण जुन्या लुगड्याची पट्टी पोटरीला घट्ट गुंडाळीत होती. वर चाळ येतो तो पितळी घुंगरांचा, काही किलो वजनाचा, आणि पट्टी नसेल तर पहिल्याच लावणीत कातडी सोलून निघते. पट्टीखाली घोट्याच्या वर काळसर, निबर झालेले कडे दिसले. मालमोटारीच्या खालच्या दांड्यांना बांधलेल्या झोळीत तिचे मूल झोपले होते. एका पायाने ती झोळीला झोका देत होती आणि दुसऱ्या पायात चाळ चढवीत होती. खेळाच्या आरंभीचा गण सुरू झाल्याची ढोलकी कानी आली, तशी तिने झोळीची दोरी शेजारच्या म्हातारीच्या हातात दिली. ती म्हातारी पूर्वी याच फडात नाचत असे. आता तिचे काम एवढेच.

सकाळी हजेरी झाली. हजेरी म्हणजे गावासाठी दिवसाउजेडी करायचा, बिनतिकिटाचा खेळ. रात्रीचे रंग उन्हात फिके दिसतात, तरी म्हाताऱ्या बाया आणि शाळकरी पोरे तो मन लावून पाहतात. मागे खुंट्या उपटणे सुरूच होते. व्यवस्थापक वही घेऊन गाडीच्या फळीशी उभा राहिला आणि एकेक नाव पुकारू लागला. प्रत्येक नावाला आतून ‘आहे’ असा आवाज येई. त्या बाईचे नाव आले तेव्हा ती अजून पट्टी सोडीत बसली होती. झोळीवरच्या म्हातारीनेच तिच्यासाठी ‘आहे’ म्हटले, आणि गाडीवाल्याला थांबायला सांगून मुलाला वर उचलून दिले.