लिफ्टचा अपघात : कागदावर अंगठा देण्याआधी हक्क ओळखा

१० सप्टेंबर २०२३ रोजी ठाण्यातील बाळकुम भागात, बांधकाम चालू असलेल्या एका उंच इमारतीची लिफ्ट कोसळली आणि सात कामगार ठार झाले. बातमी पहिल्या पानावर आली, दोन-चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. पण अशा अपघातानंतर कामगाराच्या घरी काय घडते, ते वर्तमानपत्रात येत नाही. पुष्कळदा मुकादम येतो, सांत्वन करतो, हातात थोडे पैसे ठेवतो आणि एका स्टॅम्प पेपरवर सही किंवा अंगठा मागतो. "साहेबांनी माणुसकी दाखवली आहे, आता पोलीस-कोर्टाच्या भानगडीत पडू नका," असे सांगतो. घरात रडारड चालू असते, वाचून कोण पाहणार?

वाचकहो, हा लेख त्या स्टॅम्प पेपरसाठी आहे. तो पुढे आला की काय करायचे, हे आपल्या प्रत्येक घरात आधीपासून ठाऊक असले पाहिजे. आपले बांधव बांधकामावर राबतात, रंगकाम करतात, लिफ्ट दुरुस्तीवर हेल्पर म्हणून जातात. आपल्या भगिनी टॉवरमध्ये धुणीभांडी करतात, रुग्णालयांत आणि ऑफिसांत साफसफाई करतात. झोपड्या जाऊन पुनर्वसनाच्या इमारती आल्या, तेव्हापासून लिफ्ट आपल्याही दारात आली आहे. आणि ती किती वेळा बंद असते, हे आम्ही सांगायला नको.

पहिले चार दिवस

जखमीला रुग्णालयात नेताना डॉक्टरांना स्पष्ट सांगावे की हा लिफ्टचा अपघात आहे, पोलीस केस म्हणून नोंद करा. "पडला" एवढेच लिहिले गेले तर पुढे तेच आडवे येते. केसपेपर, एक्स-रे, औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड, यातला एकही कागद टाकू नये.

दुसरे काम पोलीस ठाण्याचे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आणि दुखापत झाल्यास कलम १२५ लागू होते. (१ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुनी भारतीय दंड संहिता लागू आहे.) हद्द आपली नाही असे म्हणून पोलिसांना दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात उपायुक्तांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि पोचपावती जपावी. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोलीस केसमध्ये दोषीला शिक्षा होते. घर चालवण्यासाठी लागणारी भरपाई वेगळ्या दारातून मागावी लागते.

कामावर असताना अपघात झाला तर

कामावर असलेल्या माणसासाठी १९२३ पासून कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याप्रमाणे चालतात. दोन्हींचा गाभा एकच आहे : मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. अपघात कामावर आणि कामामुळे झाला, एवढे दाखवले की पुरे.

"तूच घाई केलीस, तूच वाकून पाहिलेस," असे मालक म्हणेल. नुसत्या हलगर्जीपणामुळे भरपाई बुडत नाही. दारू पिऊन काम केले, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडला, अशी हरकत मालकाला घेता येते. पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर तीही चालत नाही.

रक्कम कशी ठरते ते पाहा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. चाळीस वर्षे वयाला हा आकडा १८४.१७ आहे. म्हणजे महिना १२,००० रुपये मिळवणारा चाळीस वर्षांचा कामगार दगावला, तर हिशेब ११,०५,०२० रुपयांचा होतो. कायमचा पूर्ण अपंग झाला, तर १३,२६,०२४ रुपयांचा. आता मुकादमाने पुढे केलेल्या पन्नास हजारांकडे पाहा!

आणि तो स्टॅम्प पेपर? भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई परस्पर वारसांच्या हातात द्यायची नसते, ती आयुक्तांकडे जमा करायची असते. नव्या संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. त्यामुळे कोणी अंगठा देऊन बसले असेल, तरी सारे संपले असे समजू नये. पण कागद कोर्टात खोटा पाडण्यात वर्षे जातात. म्हणून न दिलेला अंगठा सर्वांत चांगला.

"तू माझा माणूस नाहीस, कंत्राटदाराचा आहेस," हे उत्तर ठरलेले असते. कंत्राटदाराचा कामगार मुख्य मालकाकडूनही भरपाई मागू शकतो. मालकाने नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला प्रश्न. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर व्याज लागते, आणि दिरंगाईला योग्य कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही होऊ शकतो. दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत करावा.

खरी अडचण येते ती आपण कामावर होतो हे सिद्ध करण्याची. हजेरी नाही, पगारपत्रक नाही. म्हणून आजच गेटपास, ओळखपत्र, मोबाईलवर आलेल्या पगाराची नोंद आणि सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे व पत्ते घरात लिहून ठेवावेत.

पगारातून ईएसआय कापला जात असेल तर मालकाऐवजी राज्य विमा महामंडळाकडून लाभ मिळतो. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के रक्कम आणि उपचार मिळतात, मृत्यू झाल्यास अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतन मिळते. बांधकाम कामगाराने वर्षात ९० दिवस काम केले असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करावी. मंडळाची मदत भरपाईपेक्षा वेगळी असते.

रहिवासी, पाहुणे आणि घरकामाला जाणाऱ्या भगिनी

इमारतीत राहणारे कुटुंब देखभालीचे पैसे भरते, रुग्णालयातला रुग्ण बिल भरतो. म्हणून ते ग्राहक आहेत. त्यांना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

घरकाम करणारी बाई, कुरिअर देणारा मुलगा किंवा आलेला पाहुणा लिफ्टला पैसे देत नाही. त्यांनी दिवाणी कोर्टात सोसायटी, इमारतीचा मालक आणि देखभाल करणारी कंपनी या सर्वांवर नुकसानभरपाईचा दावा करावा. मृत्यू झाला असेल तर वारसांनी दोन वर्षांची मुदत चुकवू नये. कोर्ट फी भरण्याची ऐपत नसेल तर निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते. "स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी" असा फलक लावला म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

पुरावा सरकारी दप्तरात असतो

महाराष्ट्रात १९३९ पासून लिफ्टसाठी वेगळा कायदा आहे, आणि २०१७ साली विधिमंडळाने सरकत्या जिन्यांनाही लागू होणारा नवा कायदा केला. लिफ्ट चालवायला परवाना लागतो आणि तिची तपासणी होते. अपघातात कोणी जखमी झाले तर लिफ्ट निरीक्षकाला कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय ती लिफ्ट पुन्हा सुरू करता येत नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करून लिफ्ट चालू झालेली दिसली तर फोटो काढावा आणि निरीक्षकाकडे लेखी तक्रार द्यावी. परवाना आणि तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागता येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत.

वकिलाचे पैसे कुठून आणायचे?

या प्रश्नापाशी पुष्कळ घरे थांबतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. शाळा-नोकरीसाठी काढलेला जातीचा दाखला आपण ट्रंकेत ठेवतो, तो इथेही चालतो. स्त्रीला तर तोही दाखवावा लागत नाही. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

तेव्हा मुकादम कागद घेऊन आला, तर त्याला चहा द्यावा आणि सांगावे : "कागद ठेवून जा, आमचे वकील वाचतील." मग तोच कागद, दाखला आणि केसपेपर घेऊन विधी सेवा कार्यालयाची पायरी चढावी. हे पान कापून ठेवा, आणि वस्तीत ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.