एका फलाटावरची दोन राज्ये

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी बारडोली, व्यारा मागे टाकते, तसतशी उसाची सपाट शेते सरतात आणि सोनगडपासून सागाच्या टेकड्या सुरू होतात. सोनगडचा डोंगरी किल्ला हे गायकवाडांचे बडोद्याआधीचे ठाणे. अठराव्या शतकात पिलाजीराव गायकवाडांनी येथूनच गुजरातेत पाय रोवले. त्यापुढचे मोठे स्थानक नवापूर. या स्थानकाच्या मधूनच गुजरात आणि महाराष्ट्राची हद्द जाते.

तापी खोऱ्यातला हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर टाकला गेला, तेव्हा दोन्ही बाजूंचा ब्रिटिश मुलूख मुंबई इलाख्यातच होता. 1 मे 1960 रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले. पश्चिम खानदेशातील नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावे सुरत जिल्ह्याच्या सोनगड तालुक्यात घालण्यात आली. 2007 मध्ये सुरत जिल्ह्यातून तापी जिल्हा वेगळा झाला. त्याआधी 1998 मध्ये धुळ्यातून, म्हणजे जुन्या पश्चिम खानदेशातून, नंदुरबार. त्यामुळे आज नवापूर स्थानकाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात, तर दुसरा तापी जिल्ह्याच्या उच्छल तालुक्यात आहे.

फलाटावरचे एक बाकडेही हद्दीवरच आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत. गाड्यांची सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिली जाते. कायदाही फलाटावरच बदलतो: गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रात नाही.

स्थानकाबाहेर, गावांकडे वळल्यावर ही रेषा फारशी जाणवत नाही. दोन्हीकडे वस्ती मुख्यतः आदिवासींची. ज्यांना महाराष्ट्रात गावित किंवा मावची म्हणतात, तेच गुजरातेत गामीत. दोन्ही राज्यांच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ही नावे एकाच नोंदीत येतात. घरात बोली एक. शाळेत मात्र एका बाजूचे मूल मराठी शिकते, तर पलीकडच्या नातलगाचे मूल शिरोरेषा नसलेली गुजराती गिरवते. सोयरीक, आठवड्याचा बाजार आणि जत्रा हद्द मानत नाहीत. महाशिवरात्रीला सागबारा तालुक्यातील देवमोगरा येथे याहामोगी मातेच्या दर्शनाला दोन्ही राज्यांतून आदिवासी कुटुंबे येतात.

पाणीही दोघांचे आहे. तापीवर 1972 मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा जलाशय महाराष्ट्राच्या हद्दीत शिरला आहे. त्याच्यासाठी दोन्हीकडच्या गावांनी घरे आणि नदीकाठची सुपीक जमीन सोडली. त्याच पाण्यावर सुरतेकडचा ऊस वाढला आणि तो तोडायला खानदेशातली मजूर कुटुंबे कोयता घेऊन खाली बारडोलीकडे उतरू लागली. सुरतेच्या समृद्धीत या सीमाभागाची जमीन आणि घाम दोन्ही आहेत.

सीमा पाहायला येणारा प्रवासी बहुधा बाकड्याचे छायाचित्र घेऊन परततो. त्याने आणखी एक दिवस काढावा, आठवडे बाजारात फिरावे, जलाशयाच्या काठावरच्या गावात माणसांशी बोलावे. हद्द कारभारासाठी आखली गेली. या माणसांचे जगणे तिच्याआधीपासून एक आहे आणि आजही ते एकच आहे.