धावणं, सायकल, पुन्हा धावणं: अंगात काय घालाल?

सोमवारची ओपीडी. पंचेचाळिशीचे एक गृहस्थ पाय फाकवून, जपून पावलं टाकत आत आले. बँकेत नोकरी, रक्तदाब आटोक्यात, वर्षभरात ११ किलो वजन उतरवलेलं. आदल्याच दिवशी त्यांनी आयुष्यातली पहिली ड्युएथलॉन पूर्ण केली होती. १० किलोमीटर धावणं, ४० किलोमीटर सायकल आणि उतरल्यावर पुन्हा ५ किलोमीटर धावणं. पण ते पदक दाखवायला आले नव्हते. दोन्ही मांड्यांची आतली कातडी तळहाताएवढी सोलवटून लाल झाली होती आणि रात्रभर त्यांना झोप नव्हती.

‘‘डॉक्टर, सहा महिने तयारी केली. हृदयाची तपासणी करून घेतली, गुडघ्यांचे व्यायाम केले, आहार बदलला. पण चड्डीचा विचार कोण करतं हो?’’ ते म्हणाले.

खरं आहे, कोणी करत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत हिवाळा लागला की धावण्याच्या आणि सायकलच्या शर्यतींचा हंगाम सुरू होतो. चाळिशी-पन्नाशीतली माणसं त्यात उत्साहानं उतरतात, ही आम्हा डॉक्टरांसाठी आनंदाचीच गोष्ट आहे. ज्याला पोहता येत नाही, त्याला ट्रायथलॉनपेक्षा ड्युएथलॉन जवळची वाटते. मात्र तिची एक खोच आहे. धावणं आणि सायकल या दोन खेळांत शरीराच्या गरजा वेगळ्या असतात आणि कपडे बहुधा एकच. त्यामुळे निवड चुकली तर तिची किंमत मोजावी लागते. कधी कातडीला, तर कधी जिवाला.

आतली भट्टी

आधी थोडं गणित. साधारणपणे एक किलोमीटर धावायला, आपलं वजन जितके किलो तितक्या किलोकॅलरी लागतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला १० किलोमीटरसाठी सुमारे ७००. पण स्नायू काही फार काटकसरी यंत्र नाही. यातली जेमतेम पाव ऊर्जा प्रत्यक्ष हालचालीला लागते आणि उरलेली उष्णता होऊन शरीरातच साठू पाहते. ती बाहेर पडलीच नाही, तर शरीराचं तापमान तासाभरात ९ अंशांनी वाढेल. अर्थात तोपर्यंत माणूस वाचणार नाही.

आपल्याला वाचवतो तो घाम. एक लिटर घाम वाळला की तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण इथला महत्त्वाचा शब्द ‘वाळला’ हा आहे. कपाळावरून ओघळून रस्त्यावर पडलेला घाम थंडावा देत नाही, त्वचेवर वाळलेला घाम देतो. म्हणूनच कपड्याला विचारायचा पहिला प्रश्न रंगाचा किंवा कंपनीचा नसतो. ‘तू माझा घाम वाळू देणार की नाही?’ हा असतो.

आपला लाडका सुती टी-शर्ट इथे नापास होतो. कापसाला पाण्याची ओढ असते. साध्या हवेतही १०० ग्रॅम कापूस सुमारे ८ ग्रॅम बाष्प धरून ठेवतो. पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. रोजच्या वापरात कापसाचा हाच गुण सुखाचा वाटतो. तासभर धावल्यावर मात्र तो टी-शर्ट ओल्या पोत्यासारखा अंगाला चिकटतो, जड होतो आणि घासतो. खेळासाठी बनवलेलं पातळ, जाळीदार पॉलिस्टरचं कापड घाम स्वतःत न मुरवता पृष्ठभागावर पसरवतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. मुंबई-कोकणात हवाच इतकी दमट असते की कुठल्याही कापडावर घाम सहज वाळत नाही. तिथे कापड कमी, पातळ आणि सैल ठेवणं हाच उपाय.

फसवा वारा

डिसेंबरातली पहाट. स्पर्धेच्या ठिकाणी १० अंश तापमान आणि तुम्ही कुडकुडताय. जाकीट चढवायचा मोह होतो. पण धावायला लागून दहा मिनिटं झाली की हेच जाकीट नकोसं होतं. सुरुवातीला थोडी थंडी वाजत असेल, तर कपडे बरोबर आहेत असं समजा. उभं असताना उबदार वाटत असेल, तर कपडे जास्त झालेत.

मग सायकल. इथे चित्र उलटं होतं. ताशी ३० किलोमीटरच्या वेगानं समोरून वारा लागला, की १० अंशांची हवा अंगाला ६-७ अंशांसारखी लागते. घामेजलेल्या छातीला आणि बोटांना गारठा जाणवतो. बधिर बोटांनी ब्रेक दाबता येत नाहीत, हा धोका लहान नाही. यासाठी जाड जाकीट नको. काढघाल करता येतील अशा सुट्या बाह्या, पातळ बिनबाह्यांचं वारारोधक जाकीट आणि हातमोजे पुरेसे असतात.

खरी गंमत पुढे आहे. सायकलवर घाम येतो, पण वाऱ्यानं लगेच वाळतो. त्यामुळे घाम येत नाही असंच वाटतं आणि पाणी कमी प्यायलं जातं. दोन तासांनी तुम्ही सायकल ठेवून पुन्हा धावायला लागता, तेव्हा ऊन चढलेलं असतं, शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं आणि तो थंड वारा एकाएकी गायब होतो. ड्युएथलॉनमध्ये उष्णतेचा त्रास शेवटच्या धावण्यात जास्त दिसतो, तो यामुळे. म्हणून कपडे ठरवताना स्पर्धा सुरू होतानाचं नव्हे, तर संपतानाचं तापमान बघा. पहाटेचं जाकीट या टप्प्यात अंगावर असता कामा नये.

घाम गाळून वजन?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या अतिदक्षता विभागात विशीतला एक मुलगा आला. पोलीस भरतीची तयारी करत होता. जास्त घाम आला की वजन लवकर उतरतं, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून मार्च महिन्यात सकाळी नऊ वाजता तो रबरी अस्तराचं विंडचीटर घालून मैदानाला फेऱ्या मारत होता. आधी तो अडखळला, मग असंबद्ध बोलायला लागला, मग कोसळला. आणलं तेव्हा तापमान ४१ अंशांच्या वर होतं. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकली होती. डायलिसिस लागलं. तो वाचला, हे त्याचं नशीब. त्या वर्षीची भरती मात्र हुकली.

हा प्रकार नवा नाही. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्ती खेळणारे तीन तरुण अशाच पद्धतीनं वजन उतरवताना दगावले. घाम वाळू न देणारा पोशाख घालून ते व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत अशा पोशाखांवर बंदी आली. घामानं उतरलेलं वजन हे पाण्याचं असतं, दोन तांबे पाणी प्यायलात की परत येतं. चरबीचा त्याच्याशी संबंध नाही.

सोबतचा धावपटू भेलकांडायला लागला, विचित्र बोलायला लागला, तर ‘थोडं राहिलंय, चल’ म्हणून ओढू नका. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्या, अंगावरचे जास्तीचे कपडे काढा, मिळेल तितकं थंड पाणी आणि बर्फ वापरून सगळं अंग भिजवा, वारा घाला. कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. पण रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. पहिली काही मिनिटंच निर्णायक असतात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

चड्डीचा प्रश्न

आता बँकेतल्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी सायकलची गादीवाली चड्डी विकत घेतली होती, पण आत नेहमीची सुती अंडरवेअर घातली होती. नव्वद टक्के नवखे हेच करतात, असं म्हटलं तर आकडा माझ्या पदरचा आहे, पण फार चुकणार नाही. गादीवाली चड्डी थेट अंगावर घालायची असते. आतली अंडरवेअर ओली होते, तिची शिवण मांडी आणि खोगीर यांच्यामध्ये सापडते आणि हजारो पेडलांमध्ये कातडी सोलून काढते.

दुसरी अडचण जाड गादीची. सायकलवर ती बरी वाटते, पण तीच घालून धावायला लागलं की लंगोट बांधलेल्या बाळासारखी चाल होते. ड्युएथलॉनसाठी पातळ, चटकन वाळणारी गादी असलेली ट्राय-शॉर्ट्स किंवा अखंड ट्राय-सूट सोयीचा. अंतर कमी असेल, म्हणजे २० किलोमीटर सायकल, तर धावण्याची साधी घट्ट शॉर्ट्सही चालते. जांघ, काखा आणि जिथे शिवण टेकते तिथे आधीच पेट्रोलियम जेली लावा. सायकल चालवताना जांघेत बधिरपणा येत असेल, तर आणखी जाड गादी हा उपाय नव्हे. खोगिराची उंची आणि कोन तपासून घ्या.

पुरुषांच्या बाबतीत आणखी एक भाग आहे, ज्याबद्दल लाजेनं कोणी बोलत नाही. ओला टी-शर्ट स्तनाग्रांवर घासून रक्त येतं. माझ्या पहिल्या स्पर्धेत आयोजकांनी दिलेला कोरा करकरीत टी-शर्ट मी हौसेनं घातला. शेवटच्या रेषेवरच्या फोटोत छातीवर दोन लाल ठिपके आहेत. घरच्यांना वाटलं, डॉक्टरांना काहीतरी भयंकर झालं. तिथे आधीच चिकटपट्टी लावली असती, तर ते टळलं असतं.

स्त्रियांसाठी चांगली स्पोर्ट्स ब्रा ही चैन नव्हे, बुटांइतकीच गरज आहे. तिचा खरा आधार खांद्याच्या पट्ट्यांवर नव्हे, तर छातीखालच्या पट्ट्यावर असतो. तो घट्ट बसावा, पण खोल श्वास घेता आला पाहिजे. दुकानात जागच्या जागी उड्या मारून बघा, संकोच करू नका. आखूड कपडेच घालावे लागतात हाही गैरसमज आहे. पातळ, अंगाबरोबर बसणारी पूर्ण लेगिंग आणि लांब टी-शर्ट घालून उत्तम स्पर्धा करता येते. फक्त ओढणी, सैल पायजमा किंवा लोंबणाऱ्या नाड्या सायकलवर नकोत. चाकात किंवा चेनमध्ये सापडलेल्या ओढणीनं मानेला झालेल्या इजा मी पाहिल्या आहेत.

पायापासून डोक्यापर्यंत

बूट धावण्याचे आणि पेडल साधे असेल, तर एकाच बुटात सगळी स्पर्धा होते. पहिल्यांदा उतरणाऱ्यानं हेच करावं. पुढे अंगठ्याच्या टोकाला साधारण अर्धा इंच जागा हवी; नाहीतर नख काळंनिळं होऊन पडतं. मोजे सुती नकोत, शिवण बोटांवर टेकणारी नको. मधुमेह असलेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. पायाची संवेदना कमी झाली असेल, तर फोड आल्याचं कळतच नाही आणि त्याची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. स्पर्धेनंतर पायाचे तळवे आरशात बघायची सवय लावा.

हेल्मेटशिवाय सायकल नाही. भुवयांच्या वर दोन बोटं, आणि पट्टा हनुवटीखाली एखादं बोट जाईल इतपत घट्ट. स्टँडवरून सायकल काढण्याआधी पट्टा लावायचा आणि सायकल परत ठेवल्यावरच काढायचा, असा या खेळाचा नियमच आहे. धूळ-किड्यांसाठी चष्मा, चेहऱ्याला आणि मानेला सनस्क्रीन. पायाला घट्ट बसणारे महागडे ‘कॉम्प्रेशन’ मोजे घातल्यानं वेग वाढतो असं काही ठोस दिसलेलं नाही. आवडत असतील तर घाला, नसतील तर पैसे वाचवा.

शर्यत संपल्यावर

पदक गळ्यात पडलं की फोटो, पोहे, गप्पा यांत दोन तास जातात. अंगावरचे ओले कपडे तसेच. जांघेतल्या ओलसर उबेत बुरशी सुखानं वाढते आणि आठवड्याभरात गोल, खाजरा नायटा दिसू लागतो. मग औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणलं जातं. दोन दिवस खाज थांबते, नायटा मात्र पसरतो आणि हट्टी होतो. ते मलम आणू नका. कोरडे कपडे आणि स्वतःचा टॉवेल पिशवीत ठेवा, स्पर्धा संपताच बदला. घरी कपडे उलटे करून धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

शेवटचा सल्ला बिनखर्चाचा आहे. स्पर्धेच्या दिवशी अंगावर काहीही नवं नको. जे घालणार, ते घालून आधी दोन-तीनदा धावून, सायकल चालवून, पुन्हा धावून बघा. घरच्या गच्चीवर कपडे ठीक वाटतात. त्यांचा स्वभाव दीड तासानंतर कळतो.

ते गृहस्थ आठ दिवसांत बरे झाले. परवा परत आले, या वेळी सरळ चालत. पिशवीतून त्यांनी नवी पातळ शॉर्ट्स काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, ‘‘डॉक्टर, ही चालेल ना?’’ बाहेर रांगेत उभे असलेले रुग्ण चकित होऊन बघत होते. ‘‘मला काय विचारता?’’ मी म्हणालो, ‘‘रविवारी घालून दोन तास घाम गाळा, तीच सांगेल.’’