सूक्ष्म मण्यांची साक्ष

पत्नीची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पतीने आपले एक देऊ केले, म्हणजे रक्तगट जुळला की काम झाले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु अपत्यवती स्त्रीच्या रक्तात कित्येकदा एक जुनी आठवण दडलेली असते. गर्भाच्या पेशींवर पित्याकडून आलेल्या काही खुणा असतात. मातेच्या शरीरास त्या परक्या वाटतात व त्यांच्याविरुद्ध ते प्रतिपिंडे निर्माण करते. बाळास त्यांचा सहसा उपद्रव होत नाही. मात्र पुढे त्याच पित्याचे मूत्रपिंड तिला बसविले, तर हीच प्रतिपिंडे त्यावर तुटून पडू शकतात. हॉलंडमधील व्हॅन रूड आणि अमेरिकेतील रोझ पेन यांनी १९५८ साली मातांच्या रक्तातील अशा प्रतिपिंडांचा शोध प्रसिद्ध केला.

धोका ओळखण्यासाठी रुग्णाचा रक्तरस दात्याच्या पेशींत मिसळून पाहत. या कसोटीचे महत्त्व पटेल व टेरासाकी यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. पेशी मरत असतानाही केलेल्या ३० रोपणांपैकी २४ तत्काळ फसली होती. तथापि नेमक्या कोणत्या खुणेशी वैर आहे, हे त्या कसोटीतून उमगत नसे.

ते उमगते सूक्ष्म मण्यांमुळे. अमेरिकेतील ऑस्टिन येथे १९९५ साली स्थापन झालेल्या ल्युमिनेक्स कंपनीचे हे तंत्र. पॉलिस्टायरीनचा हा मणी सुमारे ५.६ मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशीहूनही लहान असतो. त्यात प्रकाश पडताच चकाकणारे दोन रंग, प्रत्येकी दहा प्रमाणांत, भरले की शंभर प्रकारचे मणी सिद्ध होतात. प्रत्येक प्रकारावर एकेक खूण चिकटविलेली असते. रक्तरसाचे काही थेंब त्यांत मिसळताच प्रतिपिंडे आपापल्या वैऱ्याला जाऊन बिलगतात. त्यांना आणखी एक चकाकणारा रंग जोडून मणी एकामागून एक दोन लेसर किरणांसमोरून सोडतात. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक व गुण दोन्ही असावेत, तसेच हे: एक किरण मण्याचा क्रमांक वाचतो, दुसरा प्रतिपिंडांचे गुण.

अर्थात मणी चकाकला म्हणजे निवाडा झाला, असे नव्हे. चिकटविताना खुणेचा आकार बिघडला, तर खोटी साक्षही मिळते. म्हणून दात्याच्या पेशींची कसोटी आजही घेतात. पतीचे मूत्रपिंड खरोखरच वर्ज्य ठरले, तरी मार्ग खुंटत नाही. तशाच अडचणीतील दुसऱ्या दांपत्याशी दात्यांची अदलाबदल करता येते. भारतीय कायद्यानेही २०११ च्या दुरुस्तीने तिला मान्यता दिली आहे.

आपल्या घरांतून झालेल्या गर्भपाताचा उल्लेख कटाक्षाने टाळला जातो, पूर्वी चढविलेले रक्तही विस्मरणात जाते. वैद्यांना मात्र या दोन्ही गोष्टी निःसंकोच सांगाव्यात. मण्यांची साक्ष पारखताना घरच्यांच्या या साक्षीचे मोल फार मोठे असते.