खुल्या आंत्रपुच्छ शस्त्रक्रियेत जखम बंद करण्याच्या पद्धती व रुग्णाची प्रकृतिसुधारणा : वऱ्हाडच्या संदर्भात

प्रस्तावना

आंत्रपुच्छदाह, अर्थात अपेंडिक्सची सूज, हे तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचे एक प्रमुख कारण आहे. आज दुर्बिणीद्वारे ही शस्त्रक्रिया होत असली, तरी खुली शस्त्रक्रिया कालबाह्य झालेली नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय 'इर्विन' या नावाने सर्वपरिचित आहे. अशा रुग्णालयांत ग्रामीण वऱ्हाड व मेळघाटातून येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने टाके कसे घातले, हा प्रश्न घरी परतण्याच्या व कामावर रुजू होण्याच्या प्रश्नाशी निगडित असतो. प्रस्तुत लेखात या संबंधाचा विचार केला आहे.

छेद व थरांची शिवण

चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८९४ मध्ये स्नायू न कापता तंतूंच्या दिशेने विलग करण्याची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेनंतर हे स्नायू आपोआप जवळ येतात. त्यांना दोन-तीन सैल टाके पुरतात. टाके घट्ट आवळल्यास स्नायूचा रक्तपुरवठा खुंटतो. उदरावरण काही दिवसांत स्वतःच सांधले जाते. जखमेची खरी ताकद बाह्य तिरप्या स्नायूच्या चिवट पटलात असते. म्हणून ते सावकाश विरघळणाऱ्या धाग्याने शिवतात.

त्वचा शिवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत न विरघळणाऱ्या धाग्याचे सुटे टाके घालून ते साधारणतः सात ते दहा दिवसांनी काढतात. दुसरीत त्वचेखालून विरघळणाऱ्या धाग्याची सलग शिवण घालतात. ती काढावी लागत नाही. २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेत ५ चाचण्यांमधील ८२७ रुग्णांचा विचार झाला. सलग शिवणीत जखम वरवर उकलण्याचे प्रमाण कमी दिसले. तथापि उपलब्ध पुरावा फारसा भक्कम नव्हता.

दूषित जखमेचा प्रश्न

आंत्रपुच्छ फुटून पू झाला असल्यास त्वचा उघडी ठेवून चार-पाच दिवसांनी शिवावी, असा जुना संकेत आहे. त्यामुळे मुक्काम व मलमपट्टीचा त्रास वाढतो. गुंतागुंतीच्या आंत्रपुच्छदाहाच्या ६०७ रुग्णांवरील थायलंडमधील चाचणीत (२०१८) तत्काळ शिवलेल्या गटात जंतुसंसर्ग ७.३ टक्के, तर विलंबाने शिवलेल्या गटात १० टक्के आढळला. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नसला, तरी विलंबाने संसर्ग टळतोच, या समजुतीस त्यातून आधार मिळत नाही. अर्थात अतिदूषित जखमेबाबतचा निर्णय शल्यचिकित्सकाच्या विवेकावरच सोडणे इष्ट होय.

प्रकृतिसुधारणा व स्थानिक वास्तव

साध्या आजारातील रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. जखमेचा संसर्ग मात्र बहुधा त्यानंतर प्रकट होतो. म्हणूनच अशा संसर्गाची नोंद शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत ठेवण्याची पद्धत आहे. येथे एक विरोधाभास उद्भवतो. धारणी वा चिखलदऱ्याच्या रुग्णास विरघळणाऱ्या टाक्यांमुळे खेप व मजुरी वाचते. पण टाके काढण्याच्या निमित्ताने होणारी जखमेची तपासणीही त्याबरोबर टळते. लाली, वाढती वेदना, स्राव वा ताप यांकडे मग घरीच दुर्लक्ष होण्याचा संभव असतो.

दुसरा प्रश्न श्रमाचा. रुग्णाने लवकर चालणे हितावह असते. परंतु जड ओझे चार ते सहा आठवडे उचलू नये, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. सोयाबीनच्या सोंगणीत वा कापसाच्या वेचणीत हा सल्ला मजुरास परवडत नाही. त्वचा वरून सांधलेली दिसली, तरी आतील पटलाला पूर्ववत बळकटी येण्यास कित्येक आठवडे लागतात, हे त्यास त्याच्या भाषेत सांगणे अगत्याचे आहे.

समारोप

तात्पर्य, टाक्याची निवड जखमेच्या दूषिततेबरोबरच रुग्णाच्या परत येण्याच्या शक्यतेवरही अवलंबून असावी. विरघळणारा धागा वापरल्यास पाचव्या ते सातव्या दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जखम दाखविण्याची स्पष्ट सूचना सुटीच्या कागदावर मराठीत लिहावी व ती वाचूनही दाखवावी. टाके काढण्याची खेप वाचली तरी जखमेची तपासणी टळता कामा नये.