वाद्यवृंदाला बोलतं करणारं सॉफ्टवेअर

ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतला नव्हे हं! व्हायोलिन, ओबो, ट्रॉम्बोनवाला पाश्चात्त्य वाद्यवृंद. त्यात कुठल्या वाद्याने कुठला स्वर कसा वाजवायचा हे ठरवणं म्हणजे ऑर्केस्ट्रेशन. आता गंमत बघा. वाद्यं फक्त २० आणि प्रत्येकाचे १०० आवाज धरले, तरी मिश्रणं होतात १०० चा २० वा घात, म्हणजे एकावर ४० शून्यं! सगळी तपासायला सुपरकॉम्प्युटरही पुरणार नाही.

पॅरिसच्या इर्कॅम संस्थेतल्या ‘ऑर्किडे’ सॉफ्टवेअरने इथे जेनेटिक अल्गोरिदम वापरला. हवा तो आवाज त्याला द्यायचा. ते रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या साठ्यातून मिश्रणं बनवायचं, स्पेक्ट्रम जुळवून बघायचं, चांगली ठेवायचं आणि त्यांचाच पुन्हा संकर करायचं. ब्रिटिश संगीतकार जोनाथन हार्वे यांनी २००८ च्या ‘स्पीकिंग्ज’साठी त्याला चक्क गायलेला मंत्र दिला. वाद्यवृंदाने माणसासारखं बोलावं, हा त्यांचा हट्ट!

पण उत्तर एकच येत नाही. एक मिश्रण एका गुणात जवळचं, दुसरं दुसऱ्या. निवड संगीतकाराचीच, आणि माझ्या मते खरं ऑर्केस्ट्रेशन तिथेच सुरू होतं. शिवाय ऑर्किडे विचार करायचं एकेका स्थिर आवाजाचा. बासरीवाल्याने मध्ये श्वास कधी घ्यायचा, हे हार्वेंनाच बघावं लागायचं.