दिवाळी आणि आपले मुके सोबती

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो आणि दोन-तीन दिवसांतच त्याच गोठ्यामागे सुतळी बॉम्ब लावतो. मेहरूण आता जळगाव शहरातच असलं, तरी इथे एकाच गल्लीत फ्लॅटमधलं कुत्रं, अंगणातली शेळी आणि दाराशी बांधलेली गाय सापडते. म्हणून सुट्टी लागण्याआधी वर्गात हा विषय घ्यायलाच हवा.

मुलं सहज म्हणतात, "सर, आमचा मोती भित्रा आहे." तो भित्रा नसतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला जवळपास ४५,००० आणि मांजराला ६०,००० च्याही पुढचा. शिवाय आवाज कुठून आला, पुन्हा कधी येणार, हे त्याला कळत नाही. मग तो थरथरतो, धापा टाकतो, जेवत नाही, पलंगाखाली शिरतो. त्याला तिथून ओढून काढू नका. जवळ बसलं, गोंजारलं तर भीती वाढते, हा समज चुकीचा आहे.

खरा धोका उघड्या फाटकाचा. पाहुण्यांची ये-जा चालू असते, एक मोठा बार होतो आणि कुत्रं जिवाच्या आकांताने पळत सुटतं. अनोळखी भागात पोहोचलं की परतीची वाट सापडत नाही, वर रस्त्यावर गाड्या! गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहून ठेवायला दहा रुपयेही लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. ती किती पाळली जाते, हे आपण सगळे जाणतोच. तरी सातच्या आत त्याला साखळीने फिरवून, खाऊ घालून आतल्या खोलीत न्या. खिडक्या बंद, पंखा किंवा टीव्ही चालू. बाहेर बांधून तर अजिबात ठेवू नका, धडपडीत साखळीचाच फास बसतो. गाय, शेळीही त्या रात्री रस्त्याकडेला नको, घरामागे बांधा.

फराळाचं ताट खाली ठेवू नका. चॉकलेट, मनुके, बेदाणे आणि कांदा कुत्र्याला विषारी ठरतात. घाबरलाय म्हणून आपल्या झोपेच्या गोळ्या देणं तर फारच धोक्याचं. औषध लागेलसं वाटलं तर पशुवैद्यांना दिवाळीआधीच भेटा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा.

घाबरलेलं कुत्रं एरवी कितीही गरीब असो, चावू शकतं. मुलांना हे स्पष्ट सांगा. चावलंच तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा.

सुट्टीचा गृहपाठ म्हणून मी एवढंच देतो: आपल्या गल्लीतली जनावरं मोजा, रात्री आठला कोण कुठे असतं ते वहीत लिहा. आणि सकाळी मोठ्यांच्या मदतीने अंगणातला फटाक्यांचा कचरा झाडून घ्या. तो कागद शेळ्या चघळतात आणि त्यातली दारू त्यांच्या पोटात जाते.